पंख्याच्या पात्याएवढी उंच उडी: सोतोमायोरला कुठे बसवायचं?

निवांत नौपाडा
परवा दिवाळीची साफसफाई काढली. आमच्याकडे पंखे पुसण्याचं खातं माझ्याकडे असतं. स्टुलावर उभा राहून पाती पुसत होतो. चिरंजीव शाळेच्या कसल्याशा प्रोजेक्टसाठी टेप घेऊन घरभर मोजत सुटले होते. पंख्याखाली येऊन त्याने टेप सरळ वर सोडला आणि म्हणाला, "बाबा, दोनशे पंचेचाळीस."

फडका हातातच राहिला. २.४५ मीटर! २७ जुलै १९९३, स्पेनमधलं सालामांका, क्युबाचा हाविएर सोतोमायोर. पुरुषांच्या उंच उडीचा विश्वविक्रम. त्याला तीसहून जास्त वर्षं झाली, अजून कोणी हात लावलेला नाही.

स्टुलावरून उतरून फरशीवर उताणा पडलो आणि पंख्याकडे बघत बसलो. एक माणूस धावत येतो, एका पायावर रेटा देतो आणि त्या पात्यांच्या वरून पाठीवर आडवा होऊन पलीकडे जातो. बायको म्हणाली, तुम्हाला आडवं व्हायला निमित्तच हवं.

पण या माणसाच्या कारकिर्दीचा हिशोब मांडायला गेलो तर तो काही जुळेना. सोळाव्या वर्षी, १९८४ मध्ये, गडी २.३३ उडाला. त्याच वर्षी क्युबाने लॉस एंजेलिस ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला. १९८८ ला सेऊल ऑलिंपिक तोंडावर असताना याने २.४३ चा विश्वविक्रम केला, आणि क्युबा पुन्हा घरीच. सेऊलचं सुवर्ण २.३८ वर गेलं! बार्सिलोनात १९९२ ला एकदाचं सुवर्ण मिळालं, तेही २.३४ वर. १९९३ आणि १९९७ ला जागतिक विजेता. १९९९ ला विनिपेगच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत चाचणीत कोकेन सापडलं आणि पदक काढून घेतलं. दोन वर्षांची बंदी पुढे एका वर्षावर आली, म्हणून २००० ला सिडनीत उतरता आलं, तिथे रौप्य. २००१ ला पुन्हा चाचणीत अडकला, या वेळी नँड्रोलोन. तिथे खेळ संपला.

तर मंडळी, याला कुठे बसवायचं? सर्वकालीन पहिला, की नुसता एका आकड्याचा मालक?

वडापाव विथ चटणी
आमच्या घोडबंदरच्या टॉवरमध्ये पंखा २.२४ वर आहे. बिल्डरने छत फॉसबरीच्या काळातलं दिलंय. (हलकेच घ्या.)

खाडीपलीकडे
@वडापाव, २.२४ अगदी बरोबर टाकलंत. १९६८ ला मेक्सिकोत डिक फॉसबरी तेवढंच उडाला होता. तो पाठीवरून गेला आणि त्यानंतर जगाने पोटावरून जाणं हळूहळू सोडलं.

सडेतोड
माझं उत्तर एका ओळीत: दोनदा पकडला गेलेला माणूस सर्वकालीन पहिला नसतो. विषय संपला.

निवांत नौपाडा
@सडेतोड, दोन्ही वेळा विक्रमानंतर सहा आणि आठ वर्षांनी पकडला गेला. १९९३ च्या चाचणीत काही निघालं नव्हतं. आणि कोकेन घेऊन कोणी उंच उडतो असं मी तरी ऐकलेलं नाही. फिडेल कास्ट्रोनेही तेव्हा जाहीरपणे त्याची बाजू घेतली होती.

सडेतोड
कास्ट्रो बाजू घेणारच हो, त्याच्या देशाचा पोस्टरबॉय होता तो. कोकेनचं जाऊ द्या, नँड्रोलोनचं काय? ते सरळसरळ अंग कमावण्याचं औषध आहे. १९९३ च्या चाचण्या कितपत कडक होत्या हेही सगळ्यांना ठाऊक आहे. २०१७ ला युरोपियन अॅथलेटिक्सने २००५ च्या आधीचे विक्रम यादीतून काढायचा प्रस्ताव मांडलाच होता, कारण नमुने साठवून ठेवायची पद्धत २००५ पासूनची. पुढे बारगळला तो, पण मुद्दा चुकीचा नव्हता.

खाडीपलीकडे
त्या प्रस्तावावर जुने खेळाडू केवढे चिडले होते. चोर सापडत नाही म्हणून सगळी चाळच रिकामी करायची, त्यातला प्रकार.

अण्णा पाचपाखाडी
तुम्ही लोक चाचण्यांवर भांडा. मी वाळूबद्दल सांगतो.

आमच्या शाळेत उंच उडी म्हणजे दोन बांबू, त्यांना ठोकलेले खिळे, खिळ्यांवर टेकवलेली तिसरी बारीक काठी आणि पलीकडे वाळू. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी आम्हीच फावड्याने वाळू उकरून भुसभुशीत करायचो. त्यात मांजरांनी केलेले उद्योग आधी वेचून टाकावे लागत. उडी कैचीची: एक पाय वरून टाकायचा, मागून दुसरा, आणि पायावर उतरायचं. मी त्या कैचीने पाच फूट चार इंच गेलो होतो आणि तालुक्यात दुसरा आलो होतो.

१९७२ साल असेल. पीटीच्या सरांनी कुठल्याशा मासिकात फॉसबरीचा फोटो पाहिला आणि वर्गात आणून दाखवला. झालं! आमच्यातला एक बहाद्दर दुसऱ्याच दिवशी मधल्या सुट्टीत पाठीवरून गेला. दांडी पडली नाही, पण हा मानेवर पडला. तीन आठवडे घरी. सरांनी तो फोटो कपाटात कुलूपबंद केला.

सांगायचं एवढंच की फॉसबरीच्या डोक्याला जेवढं श्रेय आहे तेवढंच त्याच्या पाठीखाली आलेल्या फोमलाही आहे. वाळूत ती उडी कोणी दुसऱ्यांदा मारली नसती.

वडापाव विथ चटणी
अण्णा, दंडवत. मांजरांचा तपशील वाचून चहा ठेवला बाजूला.

लेकीची आई
अण्णांची वाळू वाचून राहवलं नाही, म्हणून लिहिते. जरा अवांतर होईल.

माझी मुलगी चौदा वर्षांची आहे, नवी मुंबईत राहतो. गेली दोन वर्षं उंच उडी करते, सध्या १.४८. ज्या मैदानावर जाते त्याचं नाव घेत नाही, उगाच तिथल्या सरांना त्रास. तिथली गादी जूनमध्ये एकदा पाणी प्यायली की गणपतीपर्यंत सुकत नाही. वरून ताडपत्री असते, पण ताडपत्रीला भोकं. मुलं त्यावर पडली की बाजूंनी पाणी बाहेर येतं आणि ओल्या कुत्र्यासारखा वास सुटतो. जुलैमध्ये एका शनिवारी सहा पालक मिळून ती गादी उभी करायला गेलो. दोन बाबांची कंबर धरली, गादी होती तिथेच.

यंदा नवरात्रात मैदान गरब्याला दिलं होतं. गादी कोपऱ्यात ढकलली. स्टँड मंडपवाल्याने नेले ते दसऱ्यानंतर परत आले, पण दांडी आली ती वाकडी. चौकशी केली तर कोणीतरी तिला लायटिंगच्या माळा बांधल्या होत्या आणि ती मधोमध वाकली. अशी दांडी मध्यावर खाली आलेली राहते. उंची मध्यावर मोजायची असते, पण सगळे स्टँडवरचा आकडा बघत होते, त्यामुळे तीन दिवस माझी मुलगी "१.५० गेले!" म्हणून नाचत होती. सरांनी नवी दांडी आणली आणि गाडी परत १.४८ वर.

रडली नाही. जेवताना मात्र म्हणाली, "आई, वाकडी दांडीच बरी होती."

माझा प्रश्न वेगळा आहे. सोतोमायोरला कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा, मला सांगा, या खेळात करिअर असतं का हो? नातेवाईक विचारतात, उड्या मारून काय होणार?

बिनधास्त बेलापूर
+१ त्या गादीला. आमच्याकडच्या गादीत मध्यंतरी उंदरांनी संसार थाटला होता.

नाशिककर हल्ली वाशी
@लेकीची आई, तुमच्यासाठीच लॉगिन केलं.

१६ सप्टेंबर २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत आमच्या नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे उंच उडीच्या अंतिम फेरीत उतरला. तिथवर पोहोचलेला तो पहिला भारतीय पुरुष. २.२८, म्हणजे स्वतःची तोवरची सगळ्यात चांगली उडी, आणि सहावा नंबर. हा शेतकऱ्याच्या घरातला मुलगा. सुरुवातीला गावात गादी नव्हती, तेव्हा त्याच्या सरांनी मक्याचा भुसा भरून गादी तयार केली होती. पुढे सैन्यात नोकरी लागली. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकला पात्रता फेरीत २.१५ वरच थांबला होता. तिथून वर्षभरात २.२८.

तेव्हा ओल्या गादीने खचू नका. निदान तिच्यात मका नाही.

आणि करिअर म्हणाल तर पोटापाण्याची सोय सैन्य, रेल्वे, पोलीस अशा खात्यांत होते. आपल्या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या पातळीवरची प्रमाणपत्रं लागतात आणि त्यांची पडताळणी होते. दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात ते वेगळे. एक अनुभवाचा सल्ला: प्रत्येक प्रमाणपत्राच्या आजच तीन झेरॉक्स काढा आणि मूळ प्रत लॅमिनेट करू नका.

खाडीपलीकडे
सर्वेशच्या २.२८ ला एक हळवी बाजू आहे. तेव्हा राष्ट्रीय विक्रम होता तेजस्विन शंकरचा, २.२९, २०१८ चा. एक सेंटिमीटर!

तेजस्विनचं करिअरही @लेकीची आई यांनी मुलीला जरूर सांगावं. अमेरिकेत कॅन्सस स्टेट विद्यापीठात शिष्यवृत्तीवर शिकला. २०२२ च्या राष्ट्रकुल संघात आधी त्याला घेतलंच नव्हतं, दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. शेवटच्या क्षणी बर्मिंगहॅमला पोहोचला आणि २.२२ उडून कांस्य घेऊन आला. राष्ट्रकुलमध्ये उंच उडीतलं आपलं पहिलं पदक. पुढच्या वर्षी हांगझोच्या एशियाडमध्ये डेकॅथलॉनला, म्हणजे दहा प्रकारांच्या स्पर्धेत, रौप्य. म्हणजे एकाच माणसाने उडी, भाला, गोळा, बांबू, सगळं केलं.

वडापाव विथ चटणी
कोर्टातून थेट मैदानात. आमचं रिडेव्हलपमेंटचं प्रकरण २०११ पासून कोर्टात आहे, आम्हाला अजून साधं टेक-ऑफही मिळालेलं नाही.

फिजिओताई सीवूड्स
मी या धंद्यातली असल्याने माझं लक्ष दांडीकडे जात नाही, घोट्याकडे जातं.

उंच उडीची धाव इंग्रजी जे अक्षरासारखी असते. आधी सरळ, मग शेवटची चार-पाच पावलं वळणावर. वळताना अंग आत झुकलेलं असतं आणि त्याच झुकावात टेक-ऑफचं पाऊल आपटतं. ते पाऊल जमिनीवर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळ असतं. तेवढ्यात आडवा वेग उभा करायचा. शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार एका पायावर येतो आणि घोटा आतल्या बाजूला पिळतो. म्हणून या लोकांच्या बुटांना टाचेलाही खिळे असतात.

२०२१ च्या टोकियो ऑलिंपिकला सुवर्ण वाटून घेतलेल्या दोघांचं आठवून बघा. इटलीचा तांबेरी २०१६ ला मोनॅकोत २.३९ उडाला आणि त्याच संध्याकाळी घोटा गेला. रिओ हुकलं. कतारचा बार्शिम २०१८ ला हंगेरीत २.४६ चा प्रयत्न करताना तसाच जायबंदी झाला. हो, २.४६, म्हणजे सोतोमायोरच्या वर एक सेंटिमीटर! दोघंही परत उभे राहिले आणि २०२१ ला २.३७ वर बरोबरीत आले. तांबेरी तर आपलं जुनं प्लास्टर मैदानात घेऊन आला होता.

@लेकीची आई, चौदाव्या वर्षी आठवड्यातून दोन दिवसांपेक्षा जास्त पूर्ण धावेच्या उड्या नकोत. ओल्या जमिनीवर वळण घेऊन तर अजिबात नकोत. बाकीचे दिवस धावणं, दोरीवरच्या उड्या, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम. पावसाळ्यात गादी ओली राहते हे एका अर्थी देवाने पाठवलेलं वेळापत्रक समजा.

सडेतोड
ते सुवर्ण वाटून घेणं मला आजही पटत नाही. खेळ म्हणजे लग्नाचं जेवण आहे का, अर्धं-अर्धं वाढायला? बरोबरी झाली तर जंप-ऑफ असतो, तो करा. पॅरिसला केला की. न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि अमेरिकेचा मॅकइवन दोघंही २.३६ वर होते, वाटून न घेता उडत राहिले आणि शेवटी केर २.३४ वर जिंकला.

अण्णा पाचपाखाडी
सडेतोड, तो पॅरिसचा जंप-ऑफ मी रात्री जागून पाहिला. दोघंही इतके थकले होते की पाडापाडीच चालली होती. जिंकणारी उडीसुद्धा आधीच्यापेक्षा खालची. उलट टोकियोत बार्शिमने पंचांना विचारलं, दोन सुवर्णपदकं मिळतील का, आणि तांबेरीने त्याच्या अंगावर उडी घेतली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या तालुक्याच्या वेळी मला कोणी विचारलं असतं तर मीही वाटून घेतलं असतं. पहिला आलेल्याने विचारलं नाही.

वडापाव विथ चटणी
अण्णा त्याला अजून माफ करायला तयार नाहीत.

निवांत नौपाडा
वाटून घेण्यावरून आठवलं. बार्सिलोनात २.३४ वर एकटा सोतोमायोर नव्हता, पाच जण होते. पाचही जणांची उंची तीच. कोणी कितव्या प्रयत्नात पार केलं आणि आधी किती चुका केल्या, त्यावर सोतोमायोरला सुवर्ण, स्वीडनच्या शेबर्गला रौप्य, आणि उरलेल्या तिघांना तीन कांस्यं. म्हणजे पोडियमवर पाच माणसं. ज्याने वर्षभराने २.४५ केलं, त्याचं एकमेव ऑलिंपिक सुवर्ण असं चुका मोजून मिळालेलं आहे.

खाडीपलीकडे
मूळ प्रश्नाकडे येतो. मी इंजिनियर आहे, मला आकडेच कळतात.

सोतोमायोर १.९५ च्या आसपास उंच. टेक-ऑफला पंजावर उभा, हात वर, गुडघा वर, तेव्हा त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण १.३५ ते १.४० वर असणार. तिथून तो साधारण एक मीटर वर न्यायचा. म्हणजे जमीन सोडताना उभा वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास. आणि फॉसबरीच्या पद्धतीतली खरी मेख अशी की पाठीची कमान केली की डोकं, पाठ, कुल्ले, पाय एकेक करून वरून जातात आणि गुरुत्वमध्य मात्र दांडीच्या खालून जाऊ शकतो. शरीर वरून, मध्य खालून.

आता तुलना. स्वीडनचा स्टेफान होल्म फक्त १.८१ उंच, पण इनडोअर २.४० गेलाय. आपल्या डोक्याच्या वर ५९ सेंटिमीटर! अमेरिकेचा फ्रँकलिन जेकब्स तर १.७३ उंचीचा, १९७८ ला २.३२, म्हणजे तेवढेच ५९. सोतोमायोर डोक्याच्या वर पन्नासच. "कोण जास्त उडालं" असं विचारलंत तर माझं मत होल्मला. त्याच्याकडे २००४ चं ऑलिंपिक सुवर्णही आहे.

सडेतोड
बघा, आलंच ना. होल्म. चाचण्यांचीही भानगड नाही.

निवांत नौपाडा
पण दांडी डोक्यावर मोजत नाहीत हो, जमिनीपासून मोजतात.

बिनधास्त बेलापूर
@खाडीपलीकडे, विक्रम मोडत का नाही मग? बूट सुधारले, ट्रॅक सुधारले.

खाडीपलीकडे
२०१४ ला वाटलं होतं की मोडेल. त्या वर्षी बोंडारेन्को २.४२, बार्शिम ब्रसेल्सला २.४३. मग घोटे गेले. आता २.३६ वर जागतिक सुवर्ण मिळतं. २०२५ ला टोकियोच्या जागतिक स्पर्धेत केरने २.३६ वरच घेतलं. महिलांचा मोडला तसा कधीतरी हाही मोडेल. कोस्तादिनोवाचं २.०९ हे १९८७ पासून होतं, युक्रेनच्या माहुचिखने ते २०२४ च्या जुलैत पॅरिसला २.१० केलं. सदतीस वर्षं लागली जवळजवळ.

नाशिककर हल्ली वाशी
उंच उडीबद्दल एवढं बोलताय आणि आपले पॅरा खेळाडू कोणाला आठवले नाहीत? मरियप्पन थंगवेलू: रिओ सुवर्ण, टोकियो रौप्य, पॅरिस कांस्य. तीन पॅरालिंपिक, तीन पदकं. निषाद कुमार दोन रौप्य. प्रवीण कुमार पॅरिसला २.०८ वर सुवर्ण. सातत्यावर जायचं तर मी मरियप्पनला पहिला धरेन. "करिअर असतं का" याचं उत्तरही तेच.

लेकीची आई
ही यादी तिला वाचून दाखवली. मरियप्पनचा व्हिडिओ चार वेळा पाहिला. आता विचारतेय, एक पाय आपल्यासारखा नसताना हा धाव कशी मोजतो? फिजिओताई, सवड झाली की सांगा.

आणि नातेवाईकांना काय सांगायचं ते ठरलं. गुपचूप झेरॉक्स काढणार.

फिजिओताई सीवूड्स
सांगते, पण लांबलचक आहे, वेगळा धागा काढते.

प्रशासक
सदस्यांनी कृपया मंडपवाल्यांच्या ओळखी आणि फोन नंबर इथे देऊ नयेत. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

वडापाव विथ चटणी
उडवले की पाडले? पंचांनी लाल झेंडा दाखवावा.

निवांत नौपाडा
मंडळी, धागा काढला तेव्हा वाटलं होतं मी सोतोमायोरच्या बाजूने भांडेन. आता तितकासा ठाम नाही. सडेतोडांचा नँड्रोलोनचा मुद्दा मला खोडता येत नाही, आणि होल्मचे ५९ सेंटिमीटर काल रात्रभर डोक्यात होते. तरी मनातली गोष्ट सांगतो. १९८४ आणि १९८८, दोन्ही वेळा तो घरी बसला ते स्वतःच्या चुकीने नाही. विसाव्या वर्षी जगात सगळ्यात उंच उडणारा माणूस आणि त्याने ऑलिंपिक टीव्हीवर बघायचं. माझ्यासाठी तो अजूनही पहिलाच, फक्त नावापुढे एक फुली मारलेला.

दुसरं म्हणजे काल चिरंजिवांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा ओढल्या. चौकट सात फुटी, म्हणजे २.१३, तिथे रेघेला जागाच नाही, म्हणून वर भिंतीवर २.२८ ला "सर्वेश" लिहिलं, त्याच्या वर बोटभर अंतरावर "तेजस्विन". आणि खाली १.४८ वर "नवी मुंबईची ताई". मी विचारलं ही कोण, तर म्हणतो, तुमच्या मोबाईलवर वाचलं.

बायकोने अजून पाहिलेलं नाही. रंग मागच्याच दिवाळीला दिलाय.

लेकीची आई
दादा, १.४८ पुसायला लावा. काल कोरड्या गादीवर १.५१ झाली. सरळ दांडीवर.

वडापाव विथ चटणी
वहिनींनी पाहिलं का भिंतीकडे?

निवांत नौपाडा
पाहिलं. सध्या मी हॉलमध्ये पंख्याखाली झोपतोय.